व्याख्यान ऐकताना वक्त्याला काय विचारायचं?

“वेळेअभावी प्रश्नोत्तरं घेता येत नाहीत, त्याबद्दल आयोजक दिलगीर आहेत.” व्याख्यानांना नेमाने जाणाऱ्या माणसाला हे वाक्य पाठ असतं. त्याआधी दीपप्रज्वलन झालेलं असतं, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, वक्त्याचा परिचय, आणि परिचय करून देणाऱ्याचाही थोडासा परिचय. या सगळ्याला वेळ पुरतो. कात्री लागते ती प्रश्नांना.

माझ्या मते तिथेच अर्धं व्याख्यान वाया जातं. इतिहास असो, आरोग्य असो की महापालिकेचा कारभार, वक्ता तासाभरात आपल्यापुढे काही दावे मांडतो. ते तपासायची रीत प्रत्येक विषयात निराळी असते. इतिहासकार जे पुरावा म्हणून मांडतो ते डॉक्टरच्या उपयोगाचं नाही, आणि डॉक्टरचा पुरावा पालिकेच्या हिशेबात कामाचा नाही. ही रीत श्रोत्याला थोडी जरी ठाऊक असली, तरी त्याला नेमकं विचारता येतं. नसली, की आवाज, विनोद आणि मधेमधे पेरलेल्या कवितांवर सगळं ठरतं. “काय बोलले हो!” म्हणत आपण घरी येतो, आणि काय बोलले ते दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

म्हणून हा लेख श्रोत्यांसाठी. वक्त्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. वक्तृत्वोत्तेजक सभा ही तिची संस्था. २१ एप्रिल ते २० मे असा महिनाभर टिळक स्मारक मंदिरात रोज एक व्याख्यान, हा शिरस्ता पुणेकरांच्या अंगवळणी पडला आहे. नाशिकला मे महिन्यात गोदाकाठच्या यशवंतराव महाराज पटांगणावर अशीच माला चालते, दादरला अमर हिंद मंडळाची आहे, ठाण्याला जानेवारीत रामभाऊ म्हाळगींच्या नावाची. पणजीत २००८ पासून दामोदर धर्मानंद कोसंबींच्या नावाने विचार महोत्सव भरतो. गावोगावच्या वाचनालयांच्या आणि गणेश मंडळांच्या माला मोजायला बसलो तर लेख तिथेच संपेल.

रानड्यांच्या काळात या सभांना एक वेगळं वजन होतं. मत द्यायचा हक्क जवळजवळ कुणालाच नव्हता. कायदे करणारे साहेब, राबवणारेही साहेब. अशा वेळी चार शिकलेली माणसं एकत्र बसून जमीनमहसूल, बालविवाह किंवा मराठ्यांचा इतिहास यावर जाहीरपणे बोलतात आणि दुसरी चार ते खोडून काढतात, ही गोष्टच नवी होती. त्याच १८७५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दयानंद सरस्वती पुण्यात होते. त्यांची पंधरा व्याख्यानं आज वाचता येतात, कारण तेव्हा कुणीतरी ती उतरवून घेतली आणि मराठीत छापली. बोललेलं कागदावर आलं की ते पडताळता येतं. हवेतच राहिलं की दंतकथा होते.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला फार बोलका आहे. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं. भाषणाचा मजकूर आधी हातात पडला आणि मंडळाचे धाबे दणाणले. काही भाग गाळा, असं सुचवलं गेलं. आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, आणि न झालेलं ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापून प्रसिद्ध केलं. त्या वर्षी लाहोरात झालेली इतर भाषणं कुणाला आठवतात? हे न झालेलं भाषण मात्र आजही वाचलं जातं.

त्यांचंच दुसरं उदाहरण पुण्यातलं. १८ जानेवारी १९४३, रानड्यांची १०१ वी जयंती, गोखले स्मारक सभागृह, डेक्कन सभेचा कार्यक्रम. जयंतीच्या व्याख्यानात काय बोलायचं हे आपल्याकडे ठरलेलं असतं: थोर होते, दूरदृष्टीचे होते, आजही त्यांच्या विचारांची गरज आहे. आंबेडकरांनी सुरुवातीलाच मोठा माणूस म्हणायचं कुणाला हा प्रश्न घेतला, त्याची कसोटी मांडली, ती रानड्यांना लावून पाहिली आणि मग गांधी-जिनांशी त्यांची तुलना केली. वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. पण त्या भाषणात श्रोत्याच्या हाती कसोटी दिलेली आहे. तुम्हाला निष्कर्ष पटला नाही तर तीच कसोटी वापरून तुम्ही वेगळं उत्तर काढू शकता. चांगलं व्याख्यान मी असं ओळखतो.

कागद कोणता, आणि कधीचा?

आता इतिहासाकडे. महाराष्ट्रात सर्वांत जास्त गर्दी इतिहासाच्या व्याख्यानाला होते आणि सर्वांत कमी प्रश्नही तिथेच विचारले जातात. भावना गुंतलेल्या असतात, आणि ‘कशावरून?’ म्हटलं तरी शेजारचा वळून बघतो. पण आपले इतिहास संशोधक आयुष्यभर हेच विचारत आले.

शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या. बखरींच्या आधाराने पूर्वी १६२७ हे साल धरलं जाई. बखर म्हणजे जुन्या पद्धतीने गद्यात लिहिलेली हकिकत, आणि ती केव्हा लिहिली हे इथे समजून घ्यायला हवं. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली गेली, लिहिणारा महाराजांच्या दरबारातला माणूस. चिटणिसांची बखर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे महाराजांनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी लिहिलेली. दोन्हींना आपण बखरच म्हणतो, पण पुरावा म्हणून दोघींचं मोल सारखं नाही. एवढ्या उशिरा लिहिताना माणूस ऐकीव सांगतो, मधली गाळलेली जागा स्वतः भरतो, आणि ज्याच्या पदरी आहे त्याला रुचेल असंही लिहितो.

मग १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. कारीच्या जेधे देशमुखांच्या घराण्यातली ही टिपणवही, सनावळीने केलेल्या नोंदींची. तिच्यात नोंद होती ती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एका वहीतल्या नोंदीवर एवढी रूढ तारीख बदलायची का, असा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. १९२७ मध्ये कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य छापून आलं. परमानंद महाराजांच्याच काळातला. त्यातही शके १५५१ आणि फाल्गुन वद्य तृतीयाच निघाली. पुढे राजस्थानात सापडलेल्या जुन्या जन्मकुंडल्यांच्या संग्रहातही महाराजांची कुंडली त्याच तिथीची मिळाली.

पुराव्याची ही बांधणी नीट बघण्यासारखी आहे. मावळातल्या देशमुखाच्या घरातली वही, दरबारातल्या कवीचं काव्य आणि दूर राजस्थानातल्या ज्योतिषाचा संग्रह. तिघांनी एकमेकांचं बघून लिहिण्याची शक्यता कमी, म्हणून तिघांच्या एकमताला वजन. वरून आणखी एक तपासणी करता येते. त्या तिथीला वार कोणता होता हे पंचांगाच्या गणिताने आज काढता येतं. तो शुक्रवारच येतो. कुणी नंतर बसून खोटी नोंद केली असती तर तिथी, वार आणि नक्षत्र तिन्ही जुळवून आणणं सोपं नव्हतं.

जाता जाता एक गंमत. १९ फेब्रुवारी ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन पद्धतीने तो दिवस १ मार्च १६३० येतो. राज्य सरकारने १९ फेब्रुवारी मान्य केली, बरेच जण तिथीने जयंती करतात, आणि दोन्हीकडच्या मिरवणुकीत हा तपशील कुणी काढत नाही. तो मिरवणुकीत काढूही नये. व्याख्यानात मात्र काढायला हरकत नाही.

तर इतिहासाच्या वक्त्याला विचारायचं ते एवढंच: हे कोणत्या कागदावरून सांगता, तो कागद घटनेच्या किती जवळचा, आणि दुसरा एखादा स्वतंत्र कागद तेच सांगतो का? विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी गावोगाव फिरून, माळ्यावरची दप्तरं उपसून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढले, १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, ते या प्रश्नांच्या पायीच. ज्याचा अभ्यास पक्का आहे त्या वक्त्याला हे विचारलेलं आवडतं. त्याचा चेहरा उजळतो आणि तो पुढची दहा मिनिटं थांबत नाही. चिडतो तो कोण, हे सांगायला नको.

पुरावा दर वेळी लिहिलेलाच असतो असं नाही, आणि इथे कोसंबींचं नाव काढल्याशिवाय मला राहवत नाही. १९०७ मध्ये गोव्यात जन्मलेला हा माणूस मुळात गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम, पुण्यात घर, रोजचा प्रवास डेक्कन क्वीनने. त्यांनी प्राचीन भारताची चांदीची आहत नाणी घेतली. या नाण्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसते ठोकलेले छाप. मग ती कोणती आधीची, कोणती नंतरची? कोसंबींनी अचूक तराजूवर हजारो नाणी एकेक करून तोलली. तर्क असा: टांकसाळीतून निघताना नाण्याचं वजन ठरलेलं असतं, मग हातोहाती फिरताना ते झिजत जातं. जितकं जास्त फिरलं तितकं हलकं. एका नाण्यावरून काही कळत नाही, कारण एखादं मुळातच हलकं निघालेलं असतं. पण तक्षशिलेसारख्या ठिकाणी एकाच जागी पुरलेल्या ठेव्यातली शेकडो नाणी तोलली, त्यांची छापांनुसार सरासरी काढली, की कोणता गट जास्त काळ चलनात होता ते दिसतं, आणि त्यावरून क्रम लावता येतो. पोथी नाही, शिलालेख नाही, ग्रॅमच्या बारीक अंशांतल्या फरकावरून इतिहास. पणजीच्या महोत्सवाला त्यांचं नाव देणाऱ्यांचं मला म्हणूनच कौतुक वाटतं.

बरे झालेले समोर बसलेत, बाकीचे कुठे आहेत?

आरोग्याच्या व्याख्यानाला गर्दी वेगळी असते. वही-पेन घेऊन आलेले, रिपोर्टची फाइल घेऊन आलेले, आणि व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाच्या पायरीवर डॉक्टरांना गाठून “फक्त एकच विचारायचं होतं” म्हणणारे. या विषयात बोलण्याचा परिणाम थेट शरीरावर होतो, त्यामुळे इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

सध्या सर्वांत खपणारा विषय मधुमेहमुक्ती. कार्यक्रम साधारण असा चालतो: वक्ते आहाराची एक पद्धत सांगतात, आणि मग तिचा फायदा झालेल्या सात-आठ जणांना मंचावर बोलावलं जातं. एकेक जण सांगतो, इतकं वजन उतरलं, इतक्या गोळ्या सुटल्या. टाळ्या. हे लोक खोटं बोलत नसतात. पण श्रोत्याला कळायला हवी असते ती वेगळीच संख्या. ही पद्धत एकूण किती जणांनी सुरू केली? त्यातल्या किती जणांना फायदा झाला? किती जणांनी मधेच सोडली? ज्यांना फायदा झाला नाही ते मंचावर येत नाहीत, ते त्या संध्याकाळी घरी बसून मालिका बघत असतात.

आणि याहून महत्त्वाचं: ज्यांनी ही पद्धत केलीच नाही, त्यांचं त्याच काळात काय झालं?

हा शेवटचा प्रश्न मुंबईला सव्वाशे वर्षांपासून ठाऊक आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. स्वतःला टोचून घेण्यात धैर्य होतं, पण त्यातून लस सुरक्षित आहे एवढंच कळलं असतं, प्लेगपासून वाचवते की नाही ते नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. काही कैद्यांनी आपणहून लस घेतली, काहींनी नाही. एकच इमारत, तेच अन्न, तेच पाणी, तेच उंदीर. लस न घेतलेल्यांमध्ये लागण आणि मृत्यू दोन्ही जास्त झाले. दोन गट शेजारी ठेवून बघता आले, म्हणून त्या आकड्यांना अर्थ आला. आजच्या कसोट्यांवर हा प्रयोग कच्चा ठरेल. आपणहून लस घेणारे कैदी मुळातच जास्त धडधाकट असतील, अशी शंका कुणीही काढेल. ती घालवण्यासाठी पुढे वैद्यकाने चिठ्ठ्या टाकून गट पाडायची पद्धत आणली. ज्या प्रयोगशाळेत हाफकिन राबले ती आज परळला हाफकिन संस्था म्हणून उभी आहे.

आता मधुमेहाकडे परत. मधुमेह हटू शकतो का, यावर ब्रिटनमध्ये ‘डायरेक्ट’ नावाची चाचणी झाली आणि तिचे पहिले निष्कर्ष २०१७ मध्ये आले. टाइप दोनचा मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेले, इन्सुलिन न घेणारे, वजन जास्त असलेले ३०६ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींचा आहार, मग हळूहळू नेहमीचं जेवण. वर्षाने बघितलं तर आहाराच्या गटातल्या शंभरातल्या ४६ जणांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. दुसऱ्या गटात शंभरात ४. फरक प्रचंड, दावा खरा.

पण व्याख्यान इथे थांबलं तर ते अर्धंच सांगतं. दोन वर्षांनी ४६ चे ३६ उरले. पुढे ज्यांचा पाच वर्षं पाठपुरावा झाला त्या गटात साधारण १३. वजन परत चढलं तशी साखर परतली. ज्यांनी पहिल्या वर्षात १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात मात्र दहातल्या आठांहून अधिक जणांना यश आलं होतं. म्हणजे जुना मधुमेह असलेल्या, सडपातळ, इन्सुलिनवर असलेल्या काकांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तसे काका त्या चाचणीत नव्हतेच.

‘मुक्ती’ याचीही व्याख्या आहे. २०२१ मध्ये जगातल्या मधुमेहतज्ज्ञांच्या संस्थांनी ती एकत्र बसून ठरवली: साखरेची कोणतीही गोळी न घेता किमान तीन महिने एचबीए१सी साडेसहा टक्क्यांच्या खाली राहायला हवं. एचबीए१सी म्हणजे तांबड्या रक्तपेशींना चिकटलेल्या साखरेचं मोजमाप. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून ही तपासणी दोन-तीन महिन्यांचा लेखाजोखा देते. आदल्या दिवशी उपास केला म्हणून ती फसत नाही. तेव्हा मंचावरचा माणूस “माझी साखर शंभरच्या खाली आली” म्हणाला, तर कोणती साखर, उपाशीपोटीची की जेवणानंतरची, एचबीए१सी किती, आणि गोळी चालू असताना की बंद केल्यावर, हे विचारायचं. घरी येऊन परस्पर गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे वक्त्याने सांगितलं नसेल तर निदान सभागृहातल्या कुणीतरी मोठ्याने विचारून त्याच्याकडून वदवून घ्यावं.

वक्त्यामागच्या फलकावर कुणाचं नाव आहे हेही बघून ठेवावं. गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रियेवरचं मोफत व्याख्यान ती शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने भरवलं, यात गैर काही नाही. पण शस्त्रक्रिया कुणी करू नये, यावर त्या संध्याकाळी किती मिनिटं बोलणं झालं ते घड्याळात बघावं.

परिसंवादाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण बहुतेक परिसंवादांची अडचण विचारांची नसून वेळेची असते. दोन तासांचा कार्यक्रम धरा. उशिरा सुरुवात आणि स्वागत-सत्कार यांत पाऊण तास गेला. उरली पंचाहत्तर मिनिटं. चार वक्ते आणि एक अध्यक्ष, म्हणजे प्रत्येकाला पंधरा. पहिला वक्ता “मी फार वेळ घेणार नाही” म्हणत अर्धा तास घेतो, चौथ्याला पाच मिनिटं उरतात, अध्यक्ष सगळ्यांनी सांगितलेलं पुन्हा सांगतात. चौघांची गाठ कुठेच पडत नाही. चार छोटी व्याख्यानं एकामागून एक झाली, याला परिसंवाद म्हणायचं कसं? जे आयोजक दोनच वक्ते बोलावतात, तेही खरोखर मतभेद असलेले, आणि दोघांना एकच टोकदार प्रश्न देतात, त्यांचा कार्यक्रम रंगतो. शहरात बीआरटी, म्हणजे बसची राखीव मार्गिका, ठेवावी की काढावी, असा. ‘शहरी वाहतूक: आव्हाने आणि संधी’ असा विषय छापलेला दिसला, की मी घरीच चहा घेतो.

तरतूद झाली, पैसे गेले कुठे?

नागरी प्रश्नांवरच्या सभेत दोन शब्द फार ऐकू येतात: ‘मंजूर’ आणि ‘तरतूद’. “आपल्या प्रभागातल्या नाट्यगृहासाठी पाच कोटींची तरतूद केली आहे.” टाळ्या. हे वाक्य खरं असूनही नाट्यगृह दहा वर्षं होत नाही, असं का?

तरतूद म्हणजे खर्च करायची परवानगी. तिजोरीत पैसे बाजूला काढून ठेवले, असा तिचा अर्थ नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींहून मोठा होता. एवढा आकडा ऐकून श्रोता दबतो. पण अर्थसंकल्प हा अंदाज असतो. तरतुदीनंतर कामाचं एस्टिमेट होतं, प्रशासकीय मान्यता लागते, निविदा निघते, ती मंजूर होते, मग ठेकेदाराला कार्यादेश, म्हणजे काम सुरू करायचा लेखी आदेश, मिळतो, तेव्हा कुठे फावडं लागतं. यातलं काहीही अडलं आणि ३१ मार्च उलटला, की ती तरतूद त्या वर्षापुरती संपली. पुढच्या वर्षी तीच पुन्हा जाहीर होते आणि आपण पुन्हा टाळ्या वाजवतो.

मधे आणखी एक वाट फुटते. पुण्यात तिला वर्गीकरण म्हणतात. एका कामासाठी ठेवलेला निधी वर्षाच्या मध्यात किंवा अखेरीस दुसऱ्या कामाकडे वळवायचा. कधी ते गरजेचं असतं. पाऊस झाला, नाला फुटला, पैसे लागले. कधी तुमच्या उद्यानाचे पैसे दुसऱ्याच कुठल्या रस्त्याच्या काँक्रीटीकरणात जातात आणि कुणाला कानोकान खबर लागत नाही.

म्हणून नगरसेवक असो, अधिकारी असो की ‘शहराचं नियोजन’ या विषयावर बोलणारा तज्ज्ञ, त्याच्या तोंडी रक्कम आली की पुढचं विचारायचं: गेल्या वर्षी याच लेखाशीर्षाखाली (म्हणजे हिशेबातल्या याच नोंदीखाली) किती तरतूद होती आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला? याचं उत्तर शोधायला गुप्त कागद लागत नाहीत. पालिकेच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात एकेका लेखाशीर्षासमोर मागचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने शेजारीशेजारी छापलेले असतात. पुस्तक जाडजूड असतं, अक्षर बारीक असतं, आणि ते कुणी वाचत नाही याची छापणाऱ्यांना खात्री असावी असं कधीकधी वाटतं. आपल्या प्रभागाची दोन-चार कामं शोधून तो एवढासा ताळा बघितला, की सभेतला माणूस बोलताना सावध होतो.

लोकांना यात ओढायचे प्रयत्न झालेले आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, तीन लाखांवर वस्तीच्या शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. पुणे महापालिका २००६ पासून नागरिकांकडून अर्थसंकल्पासाठी कामं मागवते: पदपथ, बाक, दिवे, बसथांब्याची शेड अशी लहान कामं. पण २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासकट मोठ्या पालिकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात अर्थसंकल्पावर निवडून आलेल्या सभागृहात चर्चाच झाली नाही. तेव्हा मला व्याख्यानमालांमधल्या नागरी विषयांची किंमत जास्त कळली. प्रश्न विचारायला दुसरी जाहीर जागा फारशी उरली नव्हती.

खेड्यात परिस्थिती कागदावर तरी बरी आहे. ग्रामसभा हा कायद्याने भरवलेला जाहीर कार्यक्रम आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तिच्या सगळ्यांना माहीत असलेल्या तारखा. गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तितके हजर लागतात. व्याख्यानात विचारलेला प्रश्न टाळ्यांत विरून जातो, ग्रामसभेतल्या चर्चेची मात्र इतिवृत्तात नोंद व्हायला हवी. आपला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर त्यात जसंच्या तसं उतरलं आहे का, हे सही करण्याआधी वाचून बघावं. कोऱ्या पानावर आधी सह्या आणि नंतर मजकूर, असे प्रकार गावाला नवे नाहीत.

इतिवृत्ताची प्रत हातात मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, आणि शहरातल्या कामाच्या खर्चासाठीही वाट तीच. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमाने एका अर्जात एकच विषय घ्यायचा आणि मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा. ‘माझ्या प्रभागात विकास का होत नाही’ असं लिहिलं तर काहीच मिळणार नाही, कारण ‘का’चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्याच्या कामात बसत नाही. अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मोजमापं लिहिलेल्या वहीची) पानं आणि अंतिम बिल यांच्या प्रती हव्यात, असं लिहायचं.